पंचकाकांचं लाल कार्ड

आमच्या घरासमोर राहणारे काका हे अख्ख्या कोल्हापुरात एकमेकींच्या कट्टर वैरी असलेल्या दोन्ही पेठांच्या शिव्या अगदी समसमान खाल्लेले एकमेव गृहस्थ आहेत, आणि माझ्या मते या गावात याहून मोठी पदवी माणसाला मिळायची नाही. चाळीस वर्षं ते फुटबॉलचे पंच होते. आमच्याकडे फुटबॉल हा नुसता खेळ नाही, तो पेठेच्या इभ्रतीचा मामला असतो. मॅच हरली की सख्खे जावई सासुरवाडीला जायचे बंद होतात. अशा गावात गळ्यात शिट्टी अडकवून दोन पेठांच्या मधोमध उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हे! काका उंचीला पाच फूट दोन इंच. पण गोल राखणाऱ्या सहा फुटी बॅकच्या नाकासमोर कार्ड धरताना ते टाचा उंचावत नसत, त्यालाच खाली वाकायला लावत.

निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण ती मैदानापुरती. शिट्टी अजून गळ्यात असते आणि शर्टाच्या खिशात दोन्ही कार्डं. भाजीवालीने पिशवीत तळाला सडका टोमॅटो सरकवला की निघालं पिवळं कार्ड. तीही बिचारी "चुकलं, काका" म्हणून टोमॅटो बदलून देते. लग्नात अक्षता पडायला उशीर झाला की हे घड्याळ पाहून शेजारच्याला सांगणार, "सात मिनिटं जादा खेळवायला लागत्यात." कहर म्हणजे गप्पा मारताना बरोबर पंचेचाळीस मिनिटं झाली की काका उठतात आणि समोरच्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवून आपण त्याच्या खुर्चीवर बसतात. हाफटाइमला बाजू बदलायचीच! माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनाही असंच उठवलं होतं. सासरे अजून विचारतात, त्या गृहस्थांना माझी खुर्ची का हवी होती?

आणि चहा. दोन्ही पेठांत काकांनी कुणाच्याही घरचा चहा कधी घेतला नाही. पंचाने एकाचा चहा प्यायला की दुसरा म्हणणार, विकला गेला. म्हणून बारशाला जावोत की बाराव्याला, काखेत स्वतःचा थर्मास. निवृत्त झाल्यावर मी म्हटलं, "काका, आता तरी घ्या की." तर म्हणाले, "मैदान सोडलं म्हणून पंच हुतो ते पुसतंय व्हय, पोरी?" मी पन्नाशीला आले, त्यांची अजून पोरीच आहे.

दोन वर्षांपूर्वी या माणसाच्या डोक्यात वाचनालय शिरलं. दोन्ही पेठांच्या हद्दीवर एक जुनी शाळा बंद पडून होती. तिथे वर पुस्तकं, खाली गाण्याला, नाटकाला, चित्रांना एक दालन, असा त्यांचा बेत. "पोरं समोरासमोर आली की भांडत्यात. जरा शेजारी शेजारी बसू देत की!" माझं अक्षर बरं म्हणून मी सेक्रेटरी झाले, मला विचारलंसुद्धा नाही. मग आमची वरात मोठमोठ्या लोकांच्या दारी निघाली. एका नामांकित पैलवानांनी पुस्तकांची अख्खी पेटी खांद्यावर घालून आणून दिली आणि म्हणाले, "ही वाचायला मला उभा जन्म पुरायचा न्हाय, पोरास्नी पुरंल." शहरातल्या बुजुर्ग गायिकाबाईंनी आपला तंबोरा देऊ केला, अट एकच, त्यांच्या बैठकीत काकांनी शिट्टी खिशात ठेवायची. काकांनी दोन दिवस विचार करून होकार दिला.

घोडं अडलं ते सरकारी कागदावर. दोन्ही पेठांच्या तालमींची (आमच्याकडे फुटबॉलचे संघही तालमींचेच) ना हरकत असेल तरच जागा मिळणार, तीही महिन्याच्या आत, नाहीतर तिथे गाड्यांचा तळ होणार. एका तालमीने सही दिली. दुसऱ्या तालमीचे अध्यक्ष म्हणजे म्हशींच्या गोठ्याचे मालक, एकेकाळचे नावाजलेले बॅक. फायनलमध्ये बॉल हाताने अडवला म्हणून काकांनी त्यांना लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं होतं. पेनल्टीवर गोल बसला, कप गेला. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली.

गोठ्यावर गेलो तर अध्यक्ष धार काढता काढता म्हणाले, "या पावणं." गल्लीतल्या माणसाला पावणं, म्हणजे पाहुणा, म्हणायचं ते त्याला परकं ठरवायलाच, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. "बॉल माझ्या छातीला लागलता, हाताला न्हवं. एवढं चार माणसांत म्हणा. सही तिथंच करतो."

"पंचाचा निर्णय फायनल असतोय," काका म्हणाले.

"मग माझाबी फायनलच हाय."

परत येताना मी जाम चिडले. म्हटलं, एका वाक्यासाठी एवढं सगळं घालवणार? काका थांबले. "एक निर्णय मागं घेतला की लोक म्हणणार, बाकीचंबी असलंच असंल. चाळीस वर्सांत मी दुसरं काय कमावलंय ग?" खरंच, त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि पेपरचं एक पिवळं पडलेलं कात्रण माझ्यापुढे ठेवलं. त्या फायनलचा फोटो. बॉल छातीवर, दोन्ही हात पाठीमागे, स्वच्छ. "मॅचच्या दुसऱ्या दिवशीच आलता," काका म्हणाले. "धुळीत मला दिसलंच न्हवतं. तरी फुकली शिट्टी. मग उद्या सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो." अठ्ठावीस वर्षं कपाटात जपलं होतं त्यांनी ते. मला त्यांचा राग आला आणि कळवळाही.

महिना संपायच्या आत काकांनी शाळेतच सभा बोलावली, तिला दोन्ही तालमी आल्या होत्या. काका उठले, फोटो अध्यक्षांच्या हातात दिला आणि मैदानावरच्याच आवाजात म्हणाले, "बॉल छातीला लागलता. चूक माझी." मग त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं, स्वतःच्याच डोक्यावर धरलं, शिट्टी फुंकली आणि सरळ दाराबाहेर चालते झाले. अध्यक्षांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं.

उद्घाटनाला पैलवान आले, बाईंचा तंबोरा लागला, अध्यक्ष पहिल्या रांगेत. काकांचा पत्ता नाही. शोधलं तर साहेब थर्मास घेऊन बाहेरच्या पायरीवर. मी ओढायला गेले. "लाल कार्डाला पुढच्या मॅचची बंदी असतीया," म्हणाले. "नियम हाय." रडावं की हसावं! हात टेकून मी आत आले, पण खिडकीशीच उभी राहिले.

थोड्या वेळाने अध्यक्ष उठले. गोठ्यावरनं आणलेल्या चहाच्या किटलीतून दोन पेले भरून घेतले आणि जाऊन पायरीवर काकांच्या शेजारी टेकले.

"तुमी कशाला आलासा? आत जावा की," काका पुटपुटले.

"बाहेर एकट्यानं बसाय कसं वाटतंय, मला म्हाईत हाय," अध्यक्ष म्हणाले आणि पेला पुढे केला. "घ्या. माझ्याच म्हशीचं दूध हाय."

काकांनी पेल्याकडे पाहिलं, थर्मासकडे पाहिलं. मग थर्मास मागच्या पायरीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी पेला घेतला.

आत बाई गात होत्या आणि मी खिडकीत उभी राहून पदराने डोळे पुसत होते. बाहेर दोघं शेजारी शेजारी चहा घेत बसले होते. पंचेचाळीस मिनिटं झाली तसे काका उठले. अध्यक्षही काही न विचारता उठले, आणि दोघांनी पायरीवरची जागा बदलली.