खुणा जागेवरच राहिल्या

माझे धाकटे दीर काचेच्या कारखान्यात हजेरी कारकून आहेत. एकवीस वर्षं झाली. हे अंथरुणाला खिळल्यापासून आमची चूल भाऊजींच्या नोकरीवरच पेटते. म्हणून रोज सकाळी देवापाशी मी आधी ती नोकरी मागते, मग ह्यांची पाठ. क्रम खरा लिहिला आहे.

भाऊजी कॉम्प्युटर चाळिशीनंतर शिकले, पण कारखान्याची दोनशे माणसं त्यांनी एका शीटवर बसवली. प्रत्येक नावापुढे छोटा चौकोन, टिचकी मारली की त्यात बरोबरची खूण.

गेल्या महिन्यात साहेबांनी चाळीस माणसं कमी करायचं ठरवलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला सगळे चष्मेवाली म्हणतात, भाऊजींना म्हणाली, “काका, हे चौकोन नकोत. छोटी खिडकी उघडणारा फॉर्म करू. एका वेळी एक नाव, आणि खूण त्याच नावाला चिकटलेली. हे चौकोन शीटवर नुसते तरंगतात. नावं हलली तरी हे हलायचे नाहीत.”

“दर माणसाला खिडकी उघडा, खिडकी लावा? ऑफिस आहे की तिकीटघर?” भाऊजी म्हणाले. “माणसं काढायची तर दोनशेच्या दोनशे डोळ्यांसमोर हवीत. हात जरा तरी थरथरेल.”

साहेबांचा हात थरथरला नाही. चहा निवायच्या आत चाळीस खुणा झाल्या. वर म्हणाले, “नावं अक्षरांच्या क्रमाने लावा आणि यादी फाटकावर चिकटवा.”

भाऊजींनी क्रम लावला, छापलं, चिकटवलं. गर्दीत मागच्यांना दिसेना, म्हणून खूण असलेली नावं स्वतःच मोठ्याने वाचू लागले. एकतिसावं त्यांचंच होतं.

“अडलं का घोडं? वाच की!” मागून कोणीतरी ओरडलं.

भाऊजी धावत साहेबांकडे गेले. “साहेब, नावं सरकली, खुणा तिथेच राहिल्या. भलतीच माणसं निघाली!”

“चाळीसच निघाली ना?” साहेब म्हणाले. “मग आकडा बरोबर आहे. चूक कबूल केली तर उद्या सगळे दारात बसतील.”

“आणि मी?”

“तुमचं नाव छपाईची चूक म्हणू. पण चाळीस भरले पाहिजेत. हे सरकण्याचं आणखी कोणाला ठाऊक आहे?”

भाऊजींनी त्या मुलीचं नाव सांगितलं. विचारलं तेवढंच सांगितलं, असं ते म्हणतात.

“झाले की चाळीस,” साहेब म्हणाले.

नोकरी वाचली हे ऐकताच मी देवापुढे डोकं टेकलं. मुलीचं पुढे ऐकलं, तरी उठले नाही.

नोटिशीच्या महिन्यात साहेबांनी तिच्याकडूनच तो खिडकीचा फॉर्म करून घेतला. शेवटच्या दिवशी तिने भाऊजींना विचारलं, “काका, साहेबांनी खुणा केल्या तेव्हा माझ्या नावापुढे होती का हो?”

“होती,” भाऊजी म्हणाले.

ती म्हणाली, “मग ठीक. मला वाटलं, सरकून आली.” आणि फॉर्ममधलं ‘पुढचे नाव’ हे बटण कसं दाबायचं ते त्यांना दोनदा दाखवून गेली.

काल जेवताना मी विचारलं, “जमतो का तो फॉर्म?”

“बरा आहे, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “एका वेळी एकच नाव दिसतं.” आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.