वाटीभर म्हणजे किती

पद्मावतीनं तीस वर्षं स्वयंपाक केला तो अंदाजानं. मूठभर तांदूळ, चिमूटभर मीठ, आणि आमटी तात्यासो ‘पुरे’ म्हणेपर्यंत. तात्यासो तिचा नवरा, शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर कामाला. घरी आला की चप्पल काढायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा पिणारा माणूस.

गेल्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातनं दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि दवाखान्यातल्या बाईंनी आहाराचा कागद हातात दिला. तांदूळ साठ ग्रॅम, डाळ पंचवीस, मीठ तीन. पाणी, चहा, आमटी सगळं धरून दिवसाला आठशे मिली.

घरात काटा कुठला? वाटी आणि चमचे घेऊन ती गुंडूअण्णांच्या किराणा दुकानात गेली. वाटीभर तांदूळ सव्वाशे ग्रॅम भरले. त्याच वाटीत पोहे जेमतेम पंचेचाळीस.

“अण्णा, वाटी तीच की! मग वजन निराळं कसं?”

“पोहं फुगीर, वैनी. जागा खात्यात, वजनाला न्हाईत. पाण्याचं तेवढं सरळ हाय. जेवढं मिली तेवढंच ग्रॅम.”

तिनं सगळं लिहून घेतलं. तांदूळ अर्धी वाटी, डाळ दोन मोठे चमचे, मीठ अर्धा छोटा चमचा, तोही बोटानं सपाट करून. रोज सकाळी ती बाटलीत पाणी मोजून ठेवायची. चहा दिला की तेवढं त्यातनं ओतून टाकायची. रिपोर्ट सुधारले. “तुमच्याइतकं कुणी पाळत नाही,” डॉक्टर म्हणाले. ते तिनं चार घरी सांगितलं.

तात्यासो मात्र अबोल होत गेला. एकदा रिकामी वाटी सरकवत म्हणाला, “पद्मा, पैल्यांदा हातानं वाढत हुतीस. आता मापानं वाढतीस.”

“जगायचं हाय न्हवं?” ती म्हणाली.

चैत्रातल्या एका रविवारी बाटली चार वाजताच संपली. ऊन मी म्हणत होतं.

“घोटभर दे गं. घसा निस्ता जळतोय.”

“अहो, आजचं संपलं. उद्या डायलिसिस झालं की देते.”

त्यानं पुन्हा मागितलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. सोमवारी उजाडलं तरी उठला नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

“स्वतःला दोष देऊ नका,” डॉक्टर म्हणाले. “घोटभर पाण्यानं काही फरक पडला नसता.”

“मग द्यायचं हुतं की हो!” पद्मावतीनं टाहो फोडला.

दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतली तानाबाई तसाच कागद घेऊन दारात आली. तिच्या मालकांना तोच आजार. “पद्माक्का, तुमाला सगळी मापं तोंडपाठ हायती म्हनं.”

पद्मावतीनं तिला बसवलं. कुठली वाटी, कुठला चमचा, सगळं न चुकता सांगितलं.

“आनि पाणी संपल्यावर मागितलं तर?”

पद्मावतीनं हातातली वाटी खाली ठेवली. दे म्हणावं तर त्या माणसाच्या जिवाशी खेळ. देऊ नको म्हणायला तोंड उघडेना.

“त्यांच्यापाशी बस,” ती शेवटी म्हणाली. “हात धरून बस. मी बसले न्हाई, तानाबाई. दुसऱ्या दिवसाचं तांदूळ मोजायला आत गेलते.”

तानाबाईनं कागदाची घडी घातली, पण उठली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या.