दोन गाड्यांत एक पाना

बऱ्याच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, शेजारच्या शांताकाकू रुग्णवाहिकेत वारल्या. त्यानंतर पंधरवड्यात मी सोलापूरजवळचं आमचं गाव, होटगी, सोडलं. त्या गाडीवर पॅरामेडिक मीच होतो.

स्टेशनवर फक्त वडील आले होते. ते रेल्वेत की-मॅन, रुळांच्या चाव्या ठोकत रोज पायी फिरायचे. ड्यूटीच्या कपड्यांतच आले, खांद्यावर हातोडा आणि पाना. म्हणाले, "जा. पन इसरू नगंस."

विसरण्यासारखं नव्हतंच. रुग्णवाहिकेच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. पोरं ऑक्सिजन वाया घालवतात, असं त्यांचं मत. म्हणून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा पाना ते सोलापुरात ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवत आणि दोन गाड्यांत एकच पाना फिरवत. त्या दिवशी तो दुसऱ्या गाडीला दिला होता. काकूंना आणायला आम्ही निघालो तेव्हा आप्पा म्हणाले, "होटगी हितं तर हाय. लागतोय कशाला?"

काकूंना श्वास पुरेना. मी व्हॉल्व्ह हातानं पिळत राहिलो. दवाखान्याच्या दारात त्या गेल्या. तोवर आप्पा दुसऱ्या गाडीतला पाना घेऊन तिथं पोचले होते. काकूंचा मुलगा मल्हारी आणि गावातली दहा माणसं यांच्यासमोर त्यांनी व्हॉल्व्ह सहज फिरवला. ऑक्सिजनचा फस्स आवाज सगळ्यांनी ऐकला. "सिलिंडर भरलेला हाय," आप्पा म्हणाले. "पोरगं नवीन हाय, त्याला उघडायला येत न्हाय."

पाना गाडीत नव्हता, हे मी सांगितलं. सगळे आप्पांच्या हातातल्या पान्याकडं बघत होते. मल्हारी आमच्या घरी यायचा बंद झाला. वडील तेव्हा एवढंच म्हणाले, "पाना हापिसात ठिवून आमी कदी रुळावर गेलो न्हाय. आन् हे मानसं नेत्यात."

सैन्यात मी नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो. पुढे नोकरीतच परीक्षा देऊन वैद्यकीय दलात नॉन-टेक्निकल अधिकारी झालो. या पदावर रुग्णाला हात लावायचा नसतो. गाड्या, साहित्य, माणसं यांची जबाबदारी असते. नाडी शोधणारी बोटं आता टायर आणि स्ट्रेचरचे पट्टे तपासतात. आई अजून शेजारणींना डॉक्टर सांगते. मी दुरुस्त केलं तर म्हणते, "डाक्टर न्हाईस, मग दवाखान्याचा सायेब कशाचा?" काही काळ रुग्णांची आठवण यायची. आप्पांची रोज यायची.

यंदा सोलापुरात सैन्यभरती मेळावा झाला. वैद्यकीय बंदोबस्त माझ्याकडे होता. भाड्याच्या रुग्णवाहिकांत आप्पांची एक होती. मी कोणाला काही बोललो नाही. सैन्याची स्वतःची रुग्णवाहिका मैदानावर तयार ठेवली आणि मल्हारीला फोन केला. "सकाळी मैदानावर ये. आप्पांची गाडी बघायची आहे." तो म्हणाला, "येतो."

आप्पांच्या गाडीत पाना असेल की नाही, मला माहीत नव्हतं. असता तर मल्हारीपुढं मी दुसऱ्यांदा खोटा ठरलो असतो.

आप्पा म्हातारे झाले आहेत. वर्दीमुळं त्यांनी मला ओळखलं नाही. "या सायेब, गाडी एक नंबर हाय," असं म्हणत त्यांनी दार उघडलं. मल्हारी माझ्या मागं उभा होता.

"सिलिंडर उघडून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं सीटखाली हात घातला, डबा उचकला आणि म्हणाला, "पाना हापिसात हाय की, आप्पा. दुसऱ्या गाडीसाठी ठिवलाय न्हवं तुमी."

"आता मागवतो सायेब. हितं तर हाय ऑफिस."

"हातानं उघडा."

त्यांनी दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. मी थांबलो. आजूबाजूला डॉक्टर होते, जवान होते, बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर होते. आप्पांच्या कपाळावर घाम आल्यावर मी सुभेदारांना मोठ्यानं सांगितलं, "गाडी परत पाठवा. मालकांना सिलिंडर उघडायला येत नाही."

आप्पांनी तेव्हा माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझ्यामागच्या मल्हारीकडं. "की-मॅनचा पोरगा न्हवं तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

मेळावा संपल्यावर मी थेट युनिटला परतलो. आईनं फोनवर सांगितलं, मल्हारी त्या संध्याकाळी घरी आला आणि वडिलांजवळ ओट्यावर बसला. दोघं काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही. तिनं दोन वेळा चहा केला.

त्यानंतर होटगीतून आप्पांच्या गाडीला फोन गेलेला नाही.