शेजारणीचं पिवळं फडकं

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे माझ्याविषयी चांगलं मत करून घ्यायचे कष्ट तुम्हाला पडणार नाहीत. एकदा दिवेलागणीला मी शेजारणीच्या अंगणात राहिलेलं फडकं तिला न विचारता काढून आणलं आणि घडी घालून ठेवलं. एवढंच केलं. सोलापुरात याचं कौतुक झालं असतं. मी मात्र जपानात होते, आणि त्या घडीपायी एक म्हातारी रात्रभर स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून राहिली.

तेव्हा मी साठीची तरुण पोर होते. आता सत्तरीत तिच्याकडं वळून बघितलं की दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. तिला सगळंच ठाऊक असायचं. टॉवेलच्या कारखान्यात निम्मी हयात घड्या घालण्यात गेलेली, त्यामुळं जगातल्या कुठल्याही कापडाचं काय करायचं ते आपल्यालाच कळतं अशी तिची खात्री. लेकीच्या बाळंतपणाला निघाली तर डिंकाचे लाडू, शेपा, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे असलं काय काय भरून घेतलं, की विमानतळावरच्या माणसानं विचारलं, "आजी, दुकान टाकताय का तिकडं?"

"व्हय की. तुमी गिऱ्हाईक आना," म्हणाली बया.

जावई तिथं बोटींच्या कारखान्यात, लेक म्हाताऱ्यांच्या सेवाघरात. गाव समुद्रकाठचं, असं फोनवर ऐकलेलं. आम्हा सोलापूरकरांना पाण्याची हाव जन्मजातच. मला वाटलं, दार उघडलं की समुद्र. जाऊन बघते तर गाव आणि समुद्र यांच्यामध्ये दोन मजली घराएवढी काँक्रीटची भिंत. मागं एकदा समुद्र गावात शिरला होता, पुन्हा शिरू नये म्हणून बांधलेली. दिवसभर त्याचा आवाज यायचा, दिसायचा मात्र नाही. शेजारच्या खोलीत आजारी माणूस कण्हत असावं तसं वाटायचं.

गावात माणसांपेक्षा मांजरं जास्त. शाळेच्या मैदानात कमरेएवढं गवत. पोरंच उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप. भाजी घेऊन एक गाडी गाणं वाजवत यायची, तिच्याभोवती चार-दोन वाकलेल्या पाठी जमायच्या, मान हलवून हलवून बोलायच्या आणि पांगायच्या. घर कायमचं बंद झालं की दारावरच्या टपालपेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावायची, अशी तिथली रीत. आता इथं पत्र घ्यायला कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या गल्लीत चिकटपट्टीवाली घरंच जास्त होती. माझ्या नातवाला गाडीत घालून फिरवायला काढलं की म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. एकीनं तर बाळाचा तळपाय नुसत्या बोटानं टेकून बघितला आणि डोळे पुसत आत गेली. लहान मूल तिथं बघायलाच मिळत नव्हतं.

त्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठलं की दारातल्या बांबूला एक पिवळं फडकं लावायचं. म्हणजे, मी उठले, बरी आहे. संध्याकाळी पाचला गावभर भोंग्यांवर एक संथ सूर वाजायचा. तेव्हा फडकं आत घ्यायचं. म्हणजे, अजून बरी आहे. सकाळी एकदा आणि त्या सुरामागोमाग पुन्हा एकदा एक जुना मासेमार काठी टेकत गल्लीतून फेरी मारायचा. सकाळी फडकं लागलेलं नसलं किंवा संध्याकाळी बाहेर राहिलेलं दिसलं, की दार वाजवायचं, आत जायचं, हे त्याचं काम.

हे सगळं लेकीनं मला आल्या आल्या सांगितलं होतं, असं ती शपथेवर सांगते. मी बहुतेक तेव्हा तिच्या फ्रीजमधल्या चुका काढत होते. मी आपला मनाशी वेगळाच हिशोब लावला होता. शेजारीण अंगणात जाळीवर मासे वाळवायची, वर घारी घिरट्या घालायच्या, तर हे फडकं घारींना भिववायला असणार. पुन्हा कशाला कुणाला विचारायचं?

ही शेजारीण माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी. आमच्या दोन घरांमध्ये गुडघ्याएवढं झुडपांचं कुंपण. बाळंतिणीसाठी म्हणून पहिल्याच दिवशी तिनं ताटलीत एक अख्खा मासा आणून दिला. आमच्या घरात कांदासुद्धा श्रावणात येत नाही. मी दोन्ही हातांनी मासा घेतला, गोड हसले आणि मागच्या दारानं मांजरांना वाढला. पण ताटली रिकामी कशी परत करायची? तिच्यात शेंगाचटणी घालून दिली. तिनं बोटानं चाटली, खोकली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि ताटली पुन्हा पुढं केली. तेव्हापासून आमचं जमलं. तिला मराठी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, म्हणून भांडणाचा प्रश्नच नव्हता. ती काहीतरी द्यायची, मी भांड्यात काहीतरी घालून परत करायची. माझ्या हिरव्या बांगड्यांचं तिला भारी अप्रूप. माझा हात हलवून त्या वाजवून बघायची. पुढं पुढं कुंपणापाशी बांगड्या वाजल्या की मी हाक मारायच्या आतच ती दारात यायची.

त्या दिवशी आभाळ दाटलेलं. पाचचा सूर वाजायला लागला तशी मी बाळाचे लंगोट काढायला धावले. तान्ह्याचे कपडे अंधारात बाहेर ठेवू नयेत, हे माझ्या आईनं मला आणि मी लेकीला बजावलेलं. लंगोट गोळा करता करता पलीकडं बघितलं, तर शेजारणीचं फडकं तसंच. "काय बाई तरी, तिन्हीसांजेला कापड टाकून बसलीय," असं मोठ्यानं म्हणत मी कुंपण ओलांडलं. फडकं ओढून काढलं, शिवण बघितली, नाक मुरडलं. टाके उसवले होते. म्हटलं, रात्री टाके घालू, धुऊ, सकाळी इस्त्री करून देऊ.

लगेच का दिलं नाही? कारण रिकाम्या हातानं जायचं नव्हतं आणि चटणी संपली होती. मिक्सर लावला तर बाळ उठलं असतं. म्हणून सकाळवर ढकललं.

मी लंगोटांचा ढीग घेऊन वळते तो मासेमार काठी टेकत आला. शेजारणीच्या बांबूकडं त्यानं बघितलं. बांबू मोकळा. तो समाधानानं वाकला. मीही वाकले, तिचं फडकं काखेत धरून. इतकं छान वाकले की घरात जाऊन लेकीला करून दाखवलं.

सकाळी चटणी वाटून डब्यात भरली, इस्त्रीची घडी वर ठेवली आणि बाहेर आले. बांबूवर फडकं नाही म्हणून मासेमार दार उघडून आत गेला होता. तो बाहेर आला आणि ओरडत पुढच्या घराकडं गेला. मी डबा घेऊन तिथंच उभी. लेक चपला न घालता धावत आली. तिनं दार बघितलं, बांबू बघितला, मग माझे हात.

"आई, हे तुझ्याकडं कसं?"

"राहिलं होतं बाहेर. काढून ठेवलं."

"कधी?"

"काल. संध्याकाळी."

लेक तशीच अनवाणी त्या दारातून आत धावली.

शेजारीण दुपारीच ओट्यापाशी पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. फडकं बाहेर असतं तर मासेमार पाचाच्या फेरीलाच आत गेला असता. डोंगरापलीकडच्या गावातून रुग्णवाहिका आली आणि तिला घेऊन गेली. तिचा पांढरा चेहरा मी बघितला. डोळे मिटलेले.

मला कुणी काही बोललं नाही, हे तर फारच वाईट. आमच्या गल्लीत असतं तर बायांनी माझा उद्धार केला असता, कुणीतरी अंगावर धावून आलं असतं, मी रडले असते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला चहा पाजला असता. तिथं तो मासेमार संध्याकाळी आमच्या दारात आला आणि सकाळी आरडाओरडा करून बाळंतिणीला त्रास दिला म्हणून माफी मागून गेला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

ती वाचली. पण आता एकटीनं राहता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुतण्या होता लांबच्या शहरात, त्यानं तिकडच्याच एका सेवाघरात तिची सोय केली. मी परत निघायच्या आधी तिच्या टपालपेटीवर चिकटपट्टी लागली. मासे वाळवायची जाळी भिंतीला उभी करून ठेवलेली. घारी काही दिवस येत राहिल्या.

हल्ली सोलापुरात कुणाच्या दोरीवर कापड राहिलं तर मी हात लावत नाही. आधी दार वाजवते. कुणी उघडेपर्यंत वाजवते. समोरची सूनबाई वैतागते, "आज्जी, टॉवेल हाय तो, मयत न्हाय!" मी म्हणते, "बघून खात्री केली, जा आता." लेकीला रोज सकाळी फोनवर गुलाबाचं चित्र पाठवते. एखाद दिवशी राहिलं तर तिचा फोन येतो आणि ती "आई?" एवढंच म्हणून थांबते.

शेजारणीला शहरात हलवायच्या आदल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो होतो. लेक, बाळ आणि मी. मी फडकं नेलं होतं, टाके घालून, धुऊन. चटणीचा डबाही. तिनं फडक्यावरून हात फिरवला, नवे टाके बोटांनी चाचपले. मग माझा हात धरून बांगड्या हलवल्या. मी लेकीला म्हटलं, "सांग तिला, ते मी नेलं होतं. माझ्यामुळं झालं. सगळं सांग."

लेकीनं सांगितलं. म्हातारी मान हलवत ऐकत राहिली आणि मग हळूहळू, थांबत थांबत बरंच बोलली.

"काय म्हणाली?"

"राहू दे, आई."

"शब्दाला शब्द सांग."

लेकीनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि सांगितलं:

"मला माहीत होतं. बांगड्या ऐकल्या मी. हाक मारली, पण आवाज निघाला नाही. मासेमारही आत आला नाही, तेव्हा कळलं. मग म्हटलं, फडकं नेलंय म्हणजे द्यायला येईलच. रिकाम्या हातानं येत नाही ना ती, म्हणून उशीर होत असेल."