सगळ्या शाळांची एकच दांडी

सर खुर्चीवर कधी पूर्ण बसलेच नाहीत. एक पाय दाराच्या दिशेने, डाव्या कोपरात अडकवलेलं हेल्मेट, उजवा हात माऊसवर आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "दांडीवर हाय बघा, मॅडम. शोधत बसू नका."

दांडी म्हणजे ब्राउझरमध्ये पत्त्याच्या चौकटीखाली बुकमार्कची जी ओळ दिसते, ती. घरात दांडीवर टॉवेल, गोधड्या टाकलेल्या असतात, हात लांबवला की सापडतात, तसं. शब्द त्यांचा, पण वालूरच्या आसपासच्या आम्हा जिल्हा परिषद शाळांत तो असा रुळला, की बुकमार्क म्हटलं तर कुणाला कळलं नसतं.

तुमच्यात कुणी शिक्षक असतील तर त्यांना तंत्रस्नेही शिक्षक म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. स्वतःचा वर्ग तर शिकवायचाच, वर आसपासच्या शाळांची ऑनलाइन कामं अडली की सगळ्यांचे फोनही घ्यायचे. आमच्याकडे ते काम चारठाण्याच्या या सरांकडे होतं. मी मुख्याध्यापिका. सकाळी कामांची यादी करायची, संध्याकाळपर्यंत खोडायची, ही माझी सवय. म्हणून त्यांची पद्धत मला आवडली आणि तिची धास्तीही वाटली.

पद्धत अशी : प्रत्येक शाळेच्या संगणकावर ते स्वतःच्याच खात्याने ब्राउझर सुरू करून द्यायचे. एका शाळेत बसून पोषण आहाराची साइट जोडली, की ती सगळ्या शाळांत आपोआप दिसायची.

"एकीकडं टाकलं की सगळीकडं पडतंय. पेट्रोल वाचतंय की!"

"पण सर, हे तुमचं खासगी खातं आहे."

"मग? मी काय लपवायलोय?"

लपवत काहीच नव्हते, हे खरं. दांडीवर सगळ्यात डावीकडे त्यांच्या स्वतःच्या कामाची साइट होती, आंतरजिल्हा बदलीची. कुठल्याही शाळेत गेले की आधी ती उघडायची. "बघून घेतो जरा." काही नवीन नसायचं. उठायचे, अंगणात एक चक्कर मारायचे, येऊन पुन्हा उघडायचे. मी एकदा म्हटलं, "सर, तेवढ्यात शासनाचं मन बदलतं का?" हसले, आणि तिसऱ्यांदा उघडली.

त्यांची बायको रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका. तिला इकडे जागा मिळेना, म्हणून हेच तिकडे जायला निघालेले. लेक आईजवळ वाढत होती. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीत एक वयस्क गुरुजी त्यांना सोडत नसत.

"ओ सर, सगळा मराठवाडा कोकणातून हिकडं यायला नवस बोलायलाय, आन् तुमी उलटेच निघालाव! डोकं ठिकाणावर हाय ना?"

"डोकं हितंच ठेवून जातो, गुरुजी. तुमाला लागंल."

बैठक हसली. पण नंतर गाडी सुरू करताना ते मला म्हणाले, "मॅडम, दिवाळीत तिकडं गेलतो. लेक मला इचारती, तुमी चहा घेणार का? पाव्हण्याला इचारल्यावाणी." आणि उत्तराची वाट न बघता गेले.

बदलीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. आमच्या शाळेचं नेट बरं चालतं म्हणून दुपारीच आले. साइट संध्याकाळी बंद होणार होती. अर्ज निम्मा भरला असेल नसेल, तोच दांडीवरचं एक नाव आमच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मग दुसरं. मग आख्खा फोल्डर.

"आं? कोण काढायलंय हे?"

काढत होते शेजारच्या गावचे मुख्याध्यापक. त्यांना टापटीप फार. आपल्या शाळेला चौथीपर्यंतच वर्ग, मग सातवीचं, शिष्यवृत्तीचं इथे काय काम, असं म्हणून त्यांनी सफाई काढली होती. आपल्या घरचे कपडे काढतोय, असं त्यांना वाटलं. दांडी साऱ्या गावाची होती.

फोन वाजायला लागले. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळांनी माहिती पाठवायची होती. सर ताडकन उठले.

"घरच्या लॅपटॉपात सगळं शाबूत आसंल. नेट बंद ठेवून उघडला तर यादी काढून घेता येती. नेट लागलं की तिथलंबी साफ! पुतण्या कालेजातून आला की पहिले तेच उघडतो. निघतो मी."

"आणि अर्ज?"

"येतो की लगेच."

चारठाण्याला जाऊन लगेच कुणी येत नाही. मी हेल्मेट घेऊन कपाटात ठेवलं. फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"बसा."

"पण मॅडम, लोकांची माहिती…"

"लोकांची उद्या आहे. तुमची आज आहे. बसा म्हणते ना!"

पुतण्याला आधी फोन केला, लॅपटॉपला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग एकेका शाळेचा फोन घेत राहिले.

"सर कुठं हायत?"

"कामात आहेत."

"कोणत्या शाळेच्या?"

"स्वतःच्या."

टापटीपवाले मुख्याध्यापकही ओरडत होते, "मॅडम, मी तर नको तेवढंच काढलं, मग आमची दांडी मोकळी कामून झाली?" तेवढ्यात फोनवर ओटीपी आला. मी त्यांना मधेच तोडलं आणि सरांना आकडे वाचून दाखवले. पान फिरत राहिलं. सर नखं खात होते, मी टेबलावरचे खडू उगाच रंगांप्रमाणे लावत होते. शेवटी अर्ज स्वीकारल्याची ओळ आली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, मग मला वाचायला लावली. मी हेल्मेट परत दिलं.

यादी लॅपटॉपमधून सुखरूप निघाली. त्यांनी प्रत्येक शाळेच्या ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडलं. आता सामायिक यादी दांडीवर नाही, त्या एक्स्टेंशनच्या बटणाखाली उघडायची; बदल एकाच माणसाने करायचे, बाकीच्यांना नुसती दिसायची. "बघा, वापरा, पर उपटू नका," असं ते प्रत्येक शाळेत सांगून आले. त्यांचं खातं मात्र आमच्या संगणकावर तसंच राहिलं.

बदली झाली. निरोपाला शाल, नारळ, भाषणं. त्या वयस्क गुरुजींनी शालीवर एक छत्री ठेवली. सर दारातच उभे होते.

नवीन वर्ष सुरू झालं. यादी आता दुसरे शिक्षक सांभाळतात, नीट सांभाळतात, खुर्चीत बसून. एका सकाळी मी ब्राउझर उघडला, तर दांडीवर एक नवं नाव आलेलं : लहान मुलींची वेणी कशी घालावी. दोन-तीन दिवसांनी त्याच्या शेजारी आणखी एक : दोन वेण्या, घट्ट, सुटू नयेत अशा.

शाळेच्या वेळेआधीची त्यांच्या घरची घाई माझ्या डोळ्यांपुढे आली. मी दोन्ही नावं पुन्हा वाचली. मग त्या दिवसाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं, आपल्या संगणकावरून सरांचं खातं काढणे, आणि लगेच काढलं. पत्त्याच्या चौकटीखाली कोरी पट्टी राहिली.