अहिल्येची आखडलेली बोटं

रविवारी सकाळी आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या चपलांचा ढीग दिसला, की समजायचं, चिटणीसांकडे नर्सेसचा क्लास भरलाय. चिटणीस म्हणजे आम्हीच. क्लास माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आईंचा, सुनीती चिटणीस यांचा. दिल्लीतल्या एका सरकारी नर्सिंग कॉलेजात त्यांची सारी नोकरी शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं.

ते दिवसही तसेच होते. यमुनेच्या या बाजूला भराभर सोसायट्या उठत होत्या, नोएडात काचेच्या दर्शनी भिंतींची खाजगी हॉस्पिटलं उघडत होती, आणि तिथल्या निम्म्या नर्सेसचं लक्ष अमेरिकेकडे लागलेलं होतं. अमेरिकेला जायचं तर आधी इथे दिल्लीत बसून एक लेखी परीक्षा पास व्हावी लागे. ती परीक्षा या मुलींना जड जायची, कारण त्यात कामाबद्दल कमी आणि कामामागच्या कारणांबद्दल जास्त विचारलेलं असायचं. आजार शरीरात नेमका काय बिघाड करतो, पाय का सुजतात, ओठ निळे का पडतात. या विषयाला पॅथोफिजिऑलॉजी असं भारदस्त नाव आहे. आई मात्र नुसतं म्हणायच्या, "इंजेक्शन तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं देता. ते का द्यायचं, एवढंच मी शिकवणार."

मी बँकेत नोकरीला. मला यातलं ओ की ठो कळत नसे. रविवारी मी आपली स्वयंपाकघरात पोहे परतत असे, आणि हॉलमधून यकृत, मूत्रपिंड वगैरे शब्द माझ्या कानांवर पडत असत.

क्लासमध्ये बहुतेक मुली केरळच्या. मराठी एकटी अहिल्या भालेराव. ती श्रीरामपूरची. घर ख्रिस्ती, वडील चर्चच्या शाळेत मास्तर होते, ते गेल्यावर आईनं दोन मुलांना वाढवलं. अहिल्या मिशनच्या दवाखान्यात शिकली आणि नोकरीसाठी दिल्लीला आली. नोएडाच्या हॉस्पिटलात ती आणि लिसी नावाची तिची मैत्रीण एकाच वॉर्डात होत्या, एकाच खोलीत राहायच्या. अहिल्या उंच, सावळी, मोजकं बोलणारी. नोएडातल्या पाच वर्षांत हिंदी सफाईदार बोलायला शिकलेली, पण आमच्या दारात पाऊल टाकलं की तिला मराठीचं भरतं यायचं. थेट स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "वहिनी, खोबरं मी खवते. तेवढंच घरी आल्यासारखं वाटतं."

तर ही अहिल्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. आईंना ते कोडंच होतं. "हिला येतं सगळं," त्या मला म्हणायच्या. "अगं, मी अर्धा प्रश्न विचारते तोवर हिचं उत्तर तयार. मग परीक्षेत हिला होतं तरी काय?"

काय होत होतं, ते आम्हाला पुढे कळलं. पण गोष्ट सरळ सांगायची तर ते इथेच सांगायला हवं.

पहिल्या वेळी पेपर अर्ध्यावर आला आणि अहिल्येच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांभोवती. मग बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, अंगठा आत वळला, पेन्सिल खाली पडली. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत होतं. ती तशीच बसून राहिली आणि वेळ संपली. दुसऱ्या वेळी तेच, पण जास्त जोरात. डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती बाकावरून घसरली. पर्यवेक्षक धावले. कुणीतरी म्हणालं, "मिरगी है, मिरगी! जूता सुंघाओ." आणि खरोखरच कुणीतरी पायातला बूट काढून तिच्या नाकाला लावला.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. लिसीला म्हणाली, ताप होता.

कारण मिरगी हा शब्द तिच्या घरातलाच होता. धाकट्या भावाला, धीरजला, शाळेत असल्यापासून फिट येत. आईनं ते गावापासून लपवलं होतं. गोळ्या सुरू व्हायच्या, जरा बरं वाटलं की बंद व्हायच्या, कारण गोळ्या घेताना कुणी पाहिलं तर? धीरजला सायकल नाही, विहिरीकडे जायचं नाही, धड नोकरीही नाही. अहिल्येनं ते सगळं जवळून पाहिलेलं. आता तेच आपल्यात उतरलं, असं तिनं मनाशी पक्कं धरलं. हॉस्पिटलात कळलं तर नोकरी जाईल, अमेरिका तर विसरायचीच. घरून लग्नाचा विषय निघाला की ती फोन ठेवून द्यायची. आई बिचारी समजायची, पोरीला दिल्लीचं वारं लागलं.

तरीही ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. फॉर्म भरून मोकळी झाली होती आणि रोज घाबरत होती.

फेब्रुवारीतला रविवार होता. बाल्कनीतून छान ऊन हॉलमध्ये आलं होतं. आई त्या दिवशी श्वास आणि रक्तातलं आम्ल शिकवत होत्या, आणि मुलींच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. आईंनी पुस्तक मिटलं आणि हाक मारली, "वृंदा, जरा बाहेर ये. पेशंट हवाय मला."

मी हात पुसत आले. आईंनी मला खुर्चीत बसवलं. "जोरजोरात श्वास घे. पळून आल्यासारखा. मी थांब म्हणेपर्यंत."

मी घेऊ लागले. सुरुवातीला हसू येत होतं. थोड्या वेळानं डोकं हलकं झालं. मग ओठ बधिर. मग बोटांत मुंग्या, आणि बघता बघता माझी बोटं ताठ होऊन जवळ आली, अंगठा आत जाऊ लागला. मी घाबरून आईंकडे पाहिलं.

"बस, थांब. आता हळू. काही होत नाही, हळू सोड श्वास." त्यांनी माझा हात वर धरून मुलींना दाखवला. "बघा. वृंदा धडधाकट आहे. सकाळपासून माझ्याशी दोनदा भांडली आहे. मग हात का आखडला?"

मग आईंनीच सांगितलं, सावकाश, मलासुद्धा कळेल असं. श्वास फार जोरात घेतला की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो आम्ल धरून असतो, तो गेला की रक्त किंचित क्षाराकडे झुकतं. मग रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं. मोकळं कॅल्शियम कमी पडलं की नसा उगाचच चाळवतात आणि स्नायू आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून अंधारी येते. श्वास शांत झाला की सगळं आपोआप जागेवर येतं.

"माणूस घाबरला की हेच करतो," आई म्हणाल्या, "आणि त्याला पत्ताही नसतो की आपण—"

दाराजवळची खुर्ची मागे सरकली. अहिल्या उभी होती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"मॅडम, हे माझं आहे," ती मराठीत म्हणाली. मुली वळून बघायला लागल्या, कुणाला काही कळेना. "माझाच हात आहे हा."

आईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग लिसीला म्हणाल्या, "मूत्रपिंडाचा धडा काढा आणि वाचत बसा." आणि अहिल्येला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आल्या. मी मागोमाग.

तिथे ओट्याला टेकून अहिल्येनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. धीरजचंही.  तिचं संपल्यावर आईंनी एवढंच विचारलं, "तू पडलीस तेव्हाचं तुला काय काय आठवतं?"

"सगळंच."

"म्हणजे?"

"कोण काय बोललं, ते. पंखा. आणि तो बूट, मॅडम. रबरी तळव्याचा होता. अजून वास जात नाही माझ्या नाकातून."

"आणि धीरजला फिट आली की त्याला काय आठवतं?"

 अहिल्या हळू म्हणाली, "काहीच नाही. उठल्यावर विचारतो, मी कुठे आहे."

"मग?"

अहिल्येनं तोंडावर पदर धरला आणि रडायला लागली, आणि रडता रडताच हसायला लागली. मी पाणी दिलं, ते निम्मं सांडलं.

"ऐक," आई म्हणाल्या. "मी डॉक्टर नाही. घरात आजार आहे, तेव्हा एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचंच. मी येते बरोबर. आणि समजा, मिरगी निघाली असती, तरी काय? गोळ्या घेऊन लोक नोकऱ्या करतात, संसार करतात. तू नर्स आहेस. हेच तू दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंच असशील."

"शंभर जणांना सांगितलं असेल," अहिल्या म्हणाली. "स्वतःलाच नाही सांगितलं."

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला आणि सांगितलं, हिला मिरगी नाही. ही घाबरते आणि जोरजोरात श्वास घेते. बाहेर आल्यावर अहिल्येनं कुल्फीवाल्याला थांबवलं. थंडी पुरती सरलेली नव्हती, आईंना कुल्फी वर्ज्य होती, तरी दोघींनी रस्त्यात उभ्यानं खाल्ली. हे मला आईंनी स्वतः येऊन सांगितलं, वर खोकल्याची गोळीही मागितली.

तिसऱ्या परीक्षेत भीती आलीच. अशी ती एकदम जात नाही. पेपर हातात पडला आणि बोटांत मुंग्या जाणवल्या. पण या वेळी अहिल्येला माहीत होतं की काय चाललंय आणि कुठे. तिनं पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले आणि श्वास हळूहळू, लांबवत सोडत राहिली. बोटं सैल झाली, हात गरम झाला. मग तिनं पेपर उघडला. "आजूबाजूच्या मुली चार प्रश्न पुढे गेल्या होत्या," ती सांगायची, "आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, वहिनी."

ती पास झाली. लिसी त्या वेळी राहिली, पुढच्या खेपेला झाली.

निकालाचा फोन अहिल्येनं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून श्रीरामपूरला केला. शेजाऱ्यांकडे फोन, त्यामुळे आईला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता. मी बूथच्या काचेबाहेर उभी होते. वाटलं, पास झाल्याचं सांगेल. पण तिचं पहिलं वाक्य होतं, "आई, धीरजला घेऊन दिल्लीला ये. त्याच्या गोळ्या आता कुणी बंद करायच्या नाहीत." पास झाल्याचं शेवटी सांगितलं, घाईघाईनं.

झेलम एक्स्प्रेसनं दोघं आली. धीरज चोविशीचा, गोरागोमटा, कायम आईच्या अर्धं पाऊल मागे चालणारा. त्याच डॉक्टरांनी त्याची औषधं नीट बसवली आणि न चुकवता घ्यायला लावली. दोनतीनदा येणं झालं. दर खेपेला मधला काळ वाढत गेला. पुढे त्याला फिट येणं जवळजवळ थांबलंच. श्रीरामपुरात तो आता छापखान्यात अक्षरं जुळवतो. कॉम्प्युटरवर, हे तो आवर्जून सांगतो.

अहिल्येची कागदपत्रं पूर्ण व्हायला बराच वेळ गेला. त्या काळात आईंचे अर्धे वर्ग तीच घेऊ लागली. शेवटी ती ओहायोला गेली, तिथे बर्फाला कंटाळली, तरी टिकली. दुसऱ्या वर्षी लग्नही केलं, नागपूरच्या एका लॅब टेक्निशियनशी.

पण तिची आठवण निघाली की मला आठवतो तो तिच्या आईच्या आणि धीरजच्या पहिल्या खेपेचा दिवस. सगळे आमच्याकडे जेवायला होते. शेजारच्या शर्मा आंटी दही मागायला आल्या आणि सवयीनं चौकशी करत बसल्या. "दिल्ली घूमने आए हैं?"

अहिल्येच्या आईनं एकदा मुलाकडे पाहिलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "नाही जी. मेरे लडके को फिट आती है. दवाई चालू है."

"अच्छा," शर्मा आंटी म्हणाल्या. "मेरे जेठ को भी आती थी." आणि दही घेऊन गेल्या.

एवढंच झालं. त्या माउलीला वाटत होतं, आभाळ कोसळेल. ती बराच वेळ दाराकडे बघत बसली. मग ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "अहिल्या, आणखी एक पोळी वाढ गं."