ताराक्कांची संक्रांतीची कार्डं

संक्रांत जवळ आली की निपाणीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका भेटकार्डं घेऊन ताराक्कांच्या सोप्यात जमत. कार्डावर तिळगुळाच्या वाटीचं चित्र आणि खाली कोरी जागा. तिथं घरातल्या माणसांची नावं ताराक्का लिहून देत. 'सहकुटुंब सहपरिवार' लिहून मोकळं होणं त्यांना खपत नसे. "सहपरिवार काय? बिननावाची जनावरं हाईत व्हय घरात?" असं म्हणून त्या पाळण्यातल्या पोराचंही नाव विचारून घेत. मी लग्न होऊन शेजारी नवीनच आले होते, मला हा सगळा उपद्व्याप वाटे. पण सासरच्या कार्डावर माझं नाव पहिल्यांदा त्यांनीच घातलं, आणि ते बघून मला फार बरं वाटलं, हेही खरं.

बाईच्या नावाआधी काय लावायचं, यावर त्यांची नजर करडी असे. सौ. असेल तर हळदीकुंकवाचं बोलावणं, गं. भा. असेल तर नाही. एवढा सरळ हिशेब होता.

त्यांचा मुलगा वसंत, बायको कुसुमला घरी ठेवून, पलटणीत कारकून होऊन ब्रह्मदेशात गेला. तिथं जपानी शिरले आणि त्याची पत्रं थांबली. गेल्याची तार नाही, असल्याची खूण नाही. ताराक्का मात्र दर संक्रांतीला लिहीत, चि. वसंत, सौ. कुसुम. एका वर्षी ताराक्कांच्या चिकोडीच्या नणंदेचं कार्ड आलं, त्यात कुसुमच्या नावाआधी गं. भा. होतं. ताराक्कांनी कार्ड आणि सोबतचा तिळगूळ, दोन्ही परत धाडलं. आम्ही सगळ्यांनी नणंदेला नावं ठेवली. कुसुमला काय वाटतं, हे कुणीच विचारलं नाही.

लढाई संपली, पलटणीतली माणसं परतली, वसंत आला नाही. कुसुमचा भाऊ बेळगावला होता. तिला मास्तरीण होण्यासाठी शिकवायला न्यायचं तो म्हणत होता. पण नवऱ्याची वाट बघणारी सून घर सोडून जाते का, असं म्हणून सासऱ्यांनी, आप्पांनी, त्याला वाटेला लावलं.

त्या संक्रांतीला ताराक्का घरचं कार्ड लिहायला बसल्या, तेव्हा मी तिथंच होते. कुसुम समोर येऊन बसली.

"आत्ती, सौ. लिवू नका. बायका माझ्या कपाळाकडं बघत्यात. मला बेळगावला जायचंय."

ताराक्कांचा टाक थांबला. सासू चिडेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, "सौ. लिवलं तर तू अडकतीस. दुसरं लिवलं तर माझ्या हातानं माझं पोरगं जातंय. काय लिवू गं मी?"

कुसुम रडायला लागली. मलाही राहवलं नाही.

शेवटी त्यांनी चि. वसंत लिहिलं आणि त्याखाली नुसतं कुसुम. आधी काहीच नाही. आप्पांनी संध्याकाळी कार्ड उचललं आणि हे काय, म्हणून विचारलं. "तिचं नाव हाय," ताराक्का म्हणाल्या, "आणि ती बेळगावला जातीया." आप्पांनी कार्ड होतं तिथं परत ठेवलं.

कुसुमला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे गल्लीला कळेना. कुणीच बोलावलं नाही. त्याच आठवड्यात ती भावाबरोबर मोटारीनं गेली.

पुढच्या वर्षी मी सवयीनं माझं कार्ड घेऊन ताराक्कांकडे गेले. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिलं.

"तुझं तूच लिव, बाई. बाईच्या नावाआधी काय लावायचं, ते मला आता कळंना झालंय."